आई आंघोळीला गेलीय

कप्तान पहिल्यांदा पडले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि घरात लख्ख उजेड होता. त्यांच्या पत्नी, काकू, भांडी विसळत होत्या. धप्प आवाज आला म्हणून ओल्या हातांनीच धावल्या, तर बाथरूमच्या दारात कप्तान पाय पसरून बसलेले, आणि चेहऱ्यावर हसू. काही नाही, म्हणाले, जरा टेकलो होतो.

हे कप्तान कुठल्या जहाजावरचे कप्तान नव्हते. त्यांनी सदतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली. साठ फुटांवरच्या काचेच्या खोलीत एकटे बसून खालच्या माणसांना हातवारे करायचे, म्हणून खालच्यांनी हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की काकूंच्या सासूबाईसुद्धा शेवटी शेवटी त्यांना कप्तानच म्हणायच्या. सदतीस वर्षांत शिडीवरून एकदाही पाय घसरला नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. काकूंचं काम जमिनीवरचं, नव्हे, जमिनीच्याही खालचं होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत त्या अठ्ठावीस वर्षं ओल्या चादरी ओढत होत्या. त्यांचे दंड अजूनही असे होते की भाजीवाला पिशवी उचलून द्यायला पुढे झाला की त्यांना हसू यायचं.

तेव्हा पहिल्या दिवशी कप्तानांना उठवणं त्यांना जड गेलं नाही. कपाटातली एक चादर काढून त्यांनी तिची लांब घडी केली, ती कप्तानांच्या पाठीमागून काखांखालून घेतली, समोर खुर्ची ठेवली आणि त्यांना खुर्चीवर हात टेकायला लावले. एक, दोन, तीन. कप्तान उभे. दोघंही धापा टाकत पलंगावर बसले, आणि तिथे कप्तानांनी त्यांचा हात धरून सांगितलं, "हे कुणाला सांगायचं नाही. पोरीला तर नाहीच."

त्यालाही कारण होतं. कप्तानांचे थोरले भाऊ दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण मुलांनी धसका घेतला. आधी स्वतःकडे नेलं, मग माणसं ठेवणं परवडेना की जमेना म्हणून म्हाताऱ्यांच्या एका संस्थेत ठेवलं. कप्तान त्यांना भेटायला एकदाच गेले. भाऊ चाकाच्या खुर्चीत होते, पडू नयेत म्हणून पोटावरून पट्टा बांधलेला, आणि खुर्चीचं तोंड भिंतीकडे. चौथ्या महिन्यात भाऊ गेले. अंत्यविधीहून परतताना लेकीनं गाडीतच सांगून टाकलं होतं की बाबा, तुम्ही जर कधी असे पडलात तर मी काही ऐकून घेणार नाही, दोघांनाही उचलून माझ्याकडे घेऊन जाणार. ती एका बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायची. बोललेलं वेळेवर करायची तिला सवयच होती.

काकूंनी शब्द दिला. एकदा पडलं तर काय आभाळ कोसळतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्यांदा कप्तान दीड महिन्यानं पडले. तिसऱ्यांदा तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी काकूंना काही ना काही कारण सापडायचं. सपाता गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणून नव्या आणल्या. गालिचा मध्येच दुमडला होता, म्हणून गुंडाळून पलंगाखाली टाकला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, पाऊल भरभर टाकलं असेल, नको तेव्हा मागे वळून पाहिलं असेल. बाथरूममध्ये धरायला एक दांडा बसवून घ्यावा हे त्यांच्या मनात कितीदा तरी आलं. पण लेक सुट्टीला आली की पहिलं लक्ष त्या दांड्याकडेच जाणार, म्हणून तो बसवला नाही. कप्तानांच्या कोपरांवर, मांड्यांवर निळेजांभळे डाग उठायचे. काकूंनी उन्हाळ्यातही त्यांना पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लावले. रविवारी लेक व्हिडिओवर दिसायची, तेव्हा त्या कप्तानांना अशा बेतानं बसवायच्या की खरचटलेला गाल उजेडाच्या उलट्या बाजूला यावा.

रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला दोघं डॉक्टरकडे जायची. डॉक्टरांनी एकदा मान वर न करता विचारलं, चक्कर वगैरे? पडणं-बिडणं? कप्तान ऐटीत म्हणाले, छे. काकू पर्सची चेन उघडत आणि लावत बसल्या. डॉक्टरांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

खालच्या मजल्यावर मास्तर राहायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि घर इतकं शांत की वरच्या घरातली सुईसुद्धा त्यांच्या छतावर वाजायची. पहिल्या दोन-तीन वेळा ते जिन्यात भेटल्यावर चौकशी करायचे, काल वरून काही पडलं का? काकू म्हणाल्या, माळ्यावरची बॅग पडली. पुढच्या वेळी धान्याचा डबा पडला. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा बॅग. मास्तर हसून म्हणाले, तुमच्या घरात गुरुत्वाकर्षण जरा जास्तच दिसतंय. काकूही हसल्या. मग मास्तरांनी विचारणं सोडून दिलं. काकूंना हायसं वाटलं.

घरात मात्र काहीतरी बदलत चाललं होतं, आणि ते काकूंना आधी कानांनी कळलं. कप्तानांचं पाऊल पूर्वी पडायचं, आता ते फरशीवरून सरकायचं. सर्र, सर्र, आणि मध्येच थांबायचं. ते थांबलं की काकूही थांबायच्या. हातातलं काम तसंच ठेवून त्या कान देऊन उभ्या राहायच्या, पुन्हा सर्र ऐकू येईपर्यंत. पूर्वी कप्तान कशाला तरी अडखळून पडायचे. आता ते कशालाही न अडखळता पडू लागले. खुर्चीतून उठायचे, दोन पावलं टाकायचे, आणि चेहरा असा कोरा व्हायचा जसा एखाद्या खोलीतला दिवा कुणी बाहेरून घालवावा. काकू एकदा समोरच होत्या. हात पुढे करेपर्यंत कप्तान कपाटाच्या कडेला लागून खाली गेले होते.

आणि विसरणं. पेपर वाचून झाला की तोच पेपर पुन्हा वाचायला घ्यायचे. बैठकीच्या खिडकीतून लांबवर बंदरातल्या क्रेन दिसायच्या, त्यातली त्यांची कुठली हे ते पूर्वी बोटानं दाखवायचे. एके दिवशी त्यांनी काकूंनाच विचारलं, ते पिवळं उंच काय आहे?

याच सुमारास काकू औषधाच्या दुकानात गेलेल्या असताना लेकीचा फोन आला. रोज साडेपाचला, डेपोतली पाळी संपली की, बैठकीतल्या फोनवर ती फोन करायची. त्या दिवशी ती लवकर मोकळी झाली होती. कप्तान फोनच्या टेबलाशेजारीच पडले होते. त्यांनी पडल्या पडल्या हात वर करून रिसीव्हर घेतला आणि सरळ सांगितलं की मी खाली आहे, तुझी आई आली की उठेन. काकू परत येऊन पाहतात तो लेक फोनवर रडकुंडीला आलेली. बाबा टेबलाखालची धूळ काढत होते, असं सांगून काकूंनी वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कप्तानांना शिकवायला घेतलं. लहान मुलाकडून पाढे घोकून घ्यावेत तसं. मी घरात नसले आणि फोन आला तर काय म्हणायचं? सगळं ठीक आहे. आई आंघोळीला गेलीय. ती नंतर फोन करेल. पुन्हा म्हणा. सगळं ठीक आहे, आई आंघोळीला गेलीय. दारावर कुणी आलं तर? साखळी काढायची नाही, सगळं ठीक आहे म्हणायचं. वरून काय पडलं असं विचारलं तर? बॅग पडली.

सकाळी काय खाल्लं ते दुपारी न आठवणाऱ्या कप्तानांनी हे मात्र नीट लक्षात ठेवलं. काकूंनी मध्येच परीक्षा घेतली की खडाखडा म्हणून दाखवायचे, आणि शाबासकीची वाट बघायचे. काकूंना त्याचं त्या वेळी कौतुक वाटलं.

ज्या दिवशी गोष्ट हाताबाहेर गेली तो मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. काकूंनी चहाचं आधण गॅसवर ठेवलं होतं आणि त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. बैठकीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ काहीच ऐकू आलं नाही. काकू गर्रकन वळल्या. इतक्या जोरात वळल्या की अंग वळलं आणि पाऊल जागेवरच राहिलं. सपातेची पुढची कड फरशीला अडली. ओटा धरायला त्यांनी हात टाकला तो ओट्याच्या चार बोटं अलीकडे पडला. उजव्या कुशीवर त्या आपटल्या, आणि आत कुठेतरी ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज त्यांनी स्वतःच्याच अंगात ऐकला.

कप्तान पडले नव्हते. ते पेपर घ्यायला उठले होते आणि पेपर घेऊन पुन्हा बसले होते.

काकूंनी हाक मारली. सर्र सर्र करत कप्तान स्वयंपाकघराच्या दारात आले, खाली बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी उमटलं. थांब, म्हणाले. आत जाऊन ते चादर घेऊन आले. त्यांनी तिची लांब घडी केली, वाकले, काकूंच्या पाठीमागून ती काखांखालून घालायचा प्रयत्न केला. एक, दोन, तीन म्हणून ओढलं. काकूंच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी उभ्या आयुष्यात काढला नव्हता. बाळंतपणातही नाही. कप्तानांनी घाबरून चादर सोडली आणि ते मागे सरले, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

काकूंनी दात आवळून स्वतःला शांत केलं. कप्तान घाबरले तर पडतील, आणि पडले तर माझ्यावर पडतील, हा विचार त्यांना सगळ्यात आधी आला. मग आधण आठवलं. गॅस बंद करायला सांगितलं, तर कप्तान शेगडीपाशी जाऊन उभे राहिले आणि विचारलं, कशासाठी आलो होतो? तीनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांनी शेजारचं बटण फिरवलं, आणि नुसता गॅस सुटल्याचा फुस्स आवाज काकूंनी खालून ऐकला. तो बंद करवला. मग दुसरं बटण, उजवीकडचं, हो, तेच, आता फिरवा. भांडं कोरडं पडून तडतडत होतं. ज्योत विझली तेव्हा काकूंना घाम फुटलेला होता आणि अंग थंड पडत चाललं होतं.

आता फोन. बैठकीतल्या फोनवर नंबर लावणं कप्तानांना जमणार नव्हतं. काकूंचा मोबाईल आत उशीपाशी होता. आणायला गेलेले कप्तान चष्म्याचं घर घेऊन आले. पुन्हा पाठवलं, तर टीव्हीचा रिमोट आणला. तिसऱ्यांदा गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कसलाच नाही. काकू श्वास रोखून ऐकत राहिल्या. सर्र, सर्र. कप्तान रिकाम्या हातांनी आले आणि स्टुलावर बसले.

मग काकूंनी त्यांना खाली जाऊन मास्तरांना बोलवायला सांगितलं. जिना उतरताना हे पडतील हे त्यांना माहीत होतं, तरी सांगितलं.

कप्तानांनी डोळे बारीक केले आणि मान हलवली. "नाही. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलंय आपलं."

काकूंनी समजावलं. आता ते सगळं सोडा, म्हणाल्या, आता बोलवा. कप्तान हसले. काकू परीक्षा घेताहेत असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं, सगळं ठीक आहे, आई आंघोळीला गेलीय, ती नंतर फोन करेल. आणि शाबासकीसाठी थांबले.

काकूंनी डोळे मिटून घेतले.

तास कसे गेले ते त्यांना नंतर नीट सांगता आलं नाही. दुखणं लाटेसारखं यायचं. हलल्या नाहीत तर सहन व्हायचं, पण फरशीचा गारवा हळूहळू हाडांत शिरत होता. दुपारी त्यांना आवरता आलं नाही आणि कपडे ओले झाले. लॉन्ड्रीत अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचं तेच धुतलं होतं, पण स्वतःचं म्हटल्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. कप्तानांनी त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली, अंगावर तीच चादर घातली, बिस्किटं खाल्ली, एक बिस्किट काकूंच्या ओठाशी धरलं. ते प्रेमानंच वागत होते. तेच भयंकर होतं. मध्येच ते उठले आणि म्हणाले, तुझा चहा राहिला, मी करतो. शेगडी काकूंच्या डोक्यावर होती. उकळतं पाणी, थरथरता हात, आणि खाली आपण. काकूंनी घाईघाईनं त्यांना कंगवा आणायला धाडलं. कंगवा आला की रुमाल, रुमाल आला की पेपर. पेपर वाचून दाखवा म्हणाल्या. कप्तानांनी एकच बातमी पाच वेळा वाचून दाखवली आणि चहा विसरले.

साडेपाचला बैठकीतला फोन वाजला.

कप्तान उठून गेले. काकूंनी सगळा जीव घशात आणून हाक मारली, पण दिवसभर पाणी नाही की काही नाही, आवाज स्वयंपाकघराच्या दारापर्यंतही पोचला नसेल. त्यांना कप्तानांचं बोलणं मात्र स्वच्छ ऐकू आलं. सगळं ठीक आहे. आई आंघोळीला गेलीय. ती नंतर फोन करेल. रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. कप्तान परत आले ते खुशीत होते.

सहाला पुन्हा फोन वाजला. पुन्हा तीच तीन वाक्यं, तशीच, त्याच क्रमानं. सव्वासहाला तिसऱ्यांदा. काकू छताकडे बघत पडल्या होत्या. आपणच एक एक वीट रचून ही भिंत बांधली आणि आपणच आत राहिलो, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

पण लेक वेळापत्रकं लावणारी होती. आई सकाळी सातला आंघोळ करते हे तिला ठाऊक होतं, आणि कुणी पाऊण तास आंघोळ करत नाही हेही. तिनं मास्तरांना फोन लावला.

दारावरची बेल वाजली तेव्हा खिडकीबाहेर संध्याकाळचा उजेड अजून होता. कप्तानांनी साखळी लावूनच दार उघडलं. मास्तरांनी विचारलं, सगळं बरं आहे ना? सगळं ठीक आहे. काकू कुठे आहेत? आंघोळीला गेल्यात. सकाळी काही पडल्याचा आवाज आला होता. बॅग पडली. सकाळी पडताना हातातून सुटलेला चहाचा चमचा काकूंच्या हाताशी होता. तो त्यांनी ओट्याखालच्या सिलिंडरवर आपटला, दोनदा, पण बोटांत जोर राहिला नव्हता. दार लागलं. कप्तान आत आले, वाकून कुजबुजले, "गेला. काही कळलं नाही त्याला."

काकू रडल्या नाहीत. हातातला चमचा त्यांनी पुन्हा उचलला आणि सिलिंडरवर नाही, फरशीवर मारायला लागल्या. एक. थोडं थांबून एक. थोडं थांबून आणखी एक. खाली मास्तरांचं स्वयंपाकघर होतं. मास्तर जिना उतरून दार उघडतच होते. त्यांनी नंतर सांगितलं की तो आवाज ऐकला आणि तिथूनच उलटा फिरलो, कारण बॅग पडली तर एकदाच पडते.

दुसऱ्यांदा बेल वाजली, आणि या वेळी मास्तर वाजवतच राहिले. दार फटीएवढं उघडलं. मास्तर म्हणत होते साखळी काढा, कप्तान म्हणत होते सगळं ठीक आहे. एकजण जोरात बोलायला लागला तसा दुसराही. कप्तानांचा आवाज चिरका झाला होता, आणि ते आता तोल सांभाळायला दाराला लोंबकळत असणार हे काकूंना न बघता कळत होतं.

कप्तान दार का उघडत नाहीत ते साऱ्या जगात त्या एकट्याच जाणत होत्या. विनवणी करून उपयोग नव्हता. जोवर गुपित आहे तोवर हा माणूस ते राखणार. काकूंनी छाती भरून श्वास घेतला, कमरेतून कळ गेली ती जाऊ दिली, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"अहो, दार उघडा. मी सांगितलंय त्यांना. सगळं सांगून टाकलंय मी. पोरीलाही."

 मग साखळी निघाल्याचा आवाज आला.

मास्तर आत आले आणि तसेच दारात थबकले. मग त्यांनी फोन काढला. त्यांच्या मागे कप्तान उभे होते. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही, काकूंच्या मोडलेल्या पायाकडे पाहिलं नाही. काकूंच्या डोळ्यांत पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू सांगितलंस?"

काकूंनी मान हलवली. हो म्हणून.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. लेक रात्रीत येऊन पोचली होती. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे घेऊन विचारलं, घरात याआधी पडणं झालंय का? काकूंनी लेकीकडे न बघता सांगितलं, माझं हे पहिलं. यांचं मिळून सतरा वेळा.  लेक खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि पाठ फिरवूनच तिनं विचारलं की मी एवढी वाईट आहे का गं? 

मास्तर रोज यायचे. खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि एकच गोष्ट सांगायचे. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी ऐकलं. वर मान करून बघितलंसुद्धा. म्हटलं, बॅग असेल. काकू त्यांना म्हणायच्या, तुमची काही चूक नाही. मास्तर मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायचे.

डॉक्टरीणबाईंनी कप्तानांनाही तपासायला घेतलं. त्यांचा रक्तदाब आधी आडवं झोपवून मोजला, मग उभं करून. उभे राहिल्याबरोबर तो धाडकन खाली येत होता. एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी केली, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं एवढं सांगितलं. दहा मिनिटांत काम झालं. काकू बाजूच्या पलंगावरून बघत होत्या. वर्षापूर्वी त्या दवाखान्यात पर्सची चेन सोडून तोंड उघडलं असतं, तर ही दहा मिनिटं तेव्हाच झाली असती. विसरण्यावर मात्र गोळी नव्हती. ते वाढत जाणार, असं डॉक्टरीणबाईंनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं. ऐकू जाऊ नये इतक्या हळू सांगितलं, तरी काकूंनी ऐकलं.

घर सोडावं लागलं. आता दोघं लेकीकडे असतात, तळमजल्यावर, मागच्या खोलीत. बाथरूममध्ये तीन दांडे आहेत. काकू वॉकर घेऊन चालतात, चार पावलांवर थांबतात. कप्तानांचं पडणं कमी झालं, बंद झालं नाही. लेकीनं भिंतीवर एक कागद लावलाय, त्यावर तारीख आणि वेळ लिहिते. लपवायचं काही नाही.

कप्तान आता बरंच विसरले आहेत. बंदर विसरले, क्रेन विसरले, भाऊ गेल्याचं विसरले, त्यांची चौकशी करतात. लेकीला कधी कधी बहीण समजतात. एक गोष्ट मात्र काही केल्या विसरत नाहीत. घरात कुणी नवीन आलं की काकूंकडे बोट दाखवून त्याला सांगतात, हिनं सांगितलं. कशाबद्दल ते त्यांना आठवत नाही. पण आवाजात तीच दुखावलेली धार असते. काकूंनी हात धरला तर कधी धरू देतात, कधी ओढून घेतात.

परवा दुपारची गोष्ट. लेक बाहेर अंगणात कपडे वाळत घालत होती. काकू पलंगावर, वॉकर हाताच्या अंतरावर. समोरच्या खुर्चीत कप्तान डुलक्या घेत होते, ते अचानक जागे झाले, खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले आणि उठायला लागले. काकूंनी बसा म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. अर्धे उठले, आणि चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू कमी होताना काकूंना दिसला.

काकूंनी लेकीला हाक मारली. खणखणीत.

कप्तानांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. तसंच, त्या संध्याकाळी दारातून पाहिलं होतं तसं. काकूंनी ती नजर अंगावर घेतली आणि आणखी मोठ्यानं हाक मारली, लेकीची धावती पावलं ऐकू येईपर्यंत मारत राहिल्या.